मडीची काठी

१७ जून २००८, मंगळवार

— आणि काठी तिच्या हातातून पडली.

रविवारची सकाळ डोक्यातून जात नाही. द्वादशी होती. आदल्या दिवशीचा पाण्याशिवायचा उपास सोडायचा, म्हणून घर पहाटेच जागं. मी वरच्या खोलीतून खाली आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून अगस्तीचा पाला निवडत होते. विधवेने चुलीपाशी जायचं नाही, पण पाला निवडलेला चालतो, नारळ फोडलेला चालतो. वेदवती, माझी धाकटी जाऊ, आंघोळ करून मडीचं, सोवळ्याचं लुगडं काढायला गेली. ते छताजवळच्या दोरीवर असतं. ओवळ्या माणसाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीनेच वाळत घालायचं, काठीनेच काढायचं. तिने काठी वर केली. लुगडं अर्धं सरकलं, काठी खाडकन् खाली, मागोमाग लुगडं. आणि वेदवती भिंतीला टेकून बसली. कपाळावर पाणी — मला वाटलं आंघोळीचं. घाम होता. डावा हात जबड्याखाली.

देवघरातून व्यासराजभाऊजींनी विचारलं, "लुगडं भुईला लागलं काय?"

ते बाहेर आले आणि आम्ही दोघं लुगड्याकडे बघत राहिलो! लागलं की नाही, दुसरं वाळलेलं आहे की नाही, पारण्याची वेळ टळेल की काय.

मग तिला ताक दिलं. "उपासाचं पित्त," भाऊजी म्हणाले. तिनेही होकार भरला, "हौद, पित्तच. सुम्मे उगाच सगळे मला बघत बसू नका." उठली, पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं, मुकटा नेसली आणि सगळं रांधलं. आवळ्याची चटणी तर फार छान झाली होती.

म्हणजे काही झालंच नाही. मग मला चैन का नाही?


१८ जून, बुधवार

जबडा. पित्ताने जबडा कशाला दुखेल?


१९ जून, गुरुवार

लायब्ररीत जाऊन आले.

हे गेले तेव्हापासून हृदयावरचं हाती येईल ते वाचते. एसएसएलसीपर्यंत कानडीत शिकलेली मी, इंग्रजी पानाला शब्दकोश लागतो, एका पानाला कधीकधी पूर्ण दुपार. पण ह्यांना काय झालं ते तरी कळायला हवं होतं. जेवता जेवता छातीवर मूठ धरली, भाऊजी धावत जाऊन रिक्षा घेऊन आले, आणि मोठ्या सर्कलपाशी ह्यांची मान माझ्या खांद्यावर आली. तीन वर्षं झाली. अजूनही रिक्षावाल्याला मी त्या सर्कलवरून नको म्हणते. लांबून ने, म्हणते.

प्रत्येक पुस्तकात तेच चित्र. एक पुरुष, छातीवर मूठ. बघून बघून पाठ झालंय. आज एका जाड पुस्तकात त्या चित्राच्या पुढचं पान उलटलं, तर खाली एक लहानशी चौकट. बायकांबद्दल. बायकांनाही छातीत दुखतं, पण कित्येकींना त्याच्याबरोबर किंवा त्याच्याऐवजी जबडा, मान, पाठ, दंड दुखतो. धाप लागते. मळमळतं. घाम फुटतो. आणि त्या स्वतः आणि घरचे त्याला अपचन समजतात.

मी उभीच राहिले. खुर्ची केवढ्याने सरकली!

नागरत्ना, तिथली लायब्रेरियन, चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय अम्मा, आग लागली का?"

म्हटलं, "लागली आहे. अजून पुस्तकं दे."


२० जून, शुक्रवार

आज जे वाचलं ते लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

तरुण बायकांना हृदयाचा आजार पुरुषांपेक्षा कमी होतो — हे मला माहीत होतं. मला वाटायचं त्या विड्या ओढत नाहीत म्हणून. तेवढंच नाही! बाईच्या अंडाशयातून एक रस रक्तात उतरतो, इस्ट्रोजन. मी समजत होते त्याचं काम फक्त पाळी आणि मुलं. तर नाही! तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर काम करतो. अस्तराला सांगतो, सैल हो. नळी पसरते, रक्त मोकळं जातं. वाईट चरबीही तो आटोक्यात ठेवतो.

आणि उंदरांचं तर वाचून मी एकटीच हसले. नर आणि मादी, दोन्ही उंदरांच्या हृदयाला मुद्दाम सारखीच इजा केली. माद्यांचं हृदय जास्त चांगलं सावरलं. मग काही माद्यांची अंडाशयं आधीच काढून तोच प्रयोग केला, तर त्यांचं हृदय नरांसारखंच कोसळलं. परत इस्ट्रोजन दिलं, पुन्हा सावरलं. बिचाऱ्या उंदरिणी. पण केवढं मोठं सांगून गेल्या!

एवढी वर्षं आमच्या अंगात राखणदार फिरत होता आणि आम्ही त्या दिवसांत न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यात ताट-वाटी वेगळी घेऊन बसत होतो. कावळा शिवला, कावळा शिवला!

ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "गोदे, तू आता मला उंदीर शिकवणार?" आणि मग सगळं ऐकून घेतलं असतं.


२१ जून, शनिवार

अंडाशयं काढली तर.

ते वाक्य काल लिहिलं आणि पुढे गेले! आज भांडी घासताना हातातली वाटी तशीच राहिली.

वेदवतीचं ऑपरेशन. बारा वर्षं झाली. तेव्हा ती सदतीसची. फार जायचं तिला, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर बसलेली. सासूबाई तेव्हा थकलेल्या. सणवार, श्राद्धं, एकादशा, सगळं तिच्या पाळीवर अडायचं. डॉक्टर म्हणाले गर्भपिशवी काढावी लागेल. भाऊजींनी विचारलं, पुन्हा काही त्रास नको, सगळंच एकदम काढता येईल का? आलं. सगळंच काढलं. पिशवी, अंडाशयं, दोन्ही.

घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. म्हणाल्या, "आता ही कायमची सोवळी." त्या दिवसापासून ह्या घरातल्या मडीच्या स्वयंपाकात वेदवतीशिवाय दुसरा हात नाही. बारा वर्षं. रोज पहाटे ओल्या लुगड्याने.

म्हणजे राखणदाराला घरातून घालवलं त्या दिवशी आम्ही दृष्ट काढली.


२३ जून, सोमवार

फेब्रुवारीत बेट्टदपुरला गेलो होतो, डोंगरावरच्या देवळात. अर्ध्या चढाला वेदवती दगडावर बसली. "चप्पल चावते अक्का, तुम्ही व्हा पुढे." ती अनवाणी चढत होती! आम्ही सगळेच अनवाणी होतो. मी तेव्हा हसले होते तिला.


२४ जून, मंगळवार

इस्ट्रोजनच्या गोळ्या मिळतात! बाजारात! पाळी गेलेल्या बायकांना देतात. मग झालंच की. जे काढून घेतलं ते गोळीने परत द्यायचं. इतकं सोपं! डॉक्टरणीला कसं विचारायचं ते मनात घोकतेय. दिवसभर गुणगुणत होते. खालून वेदवतीने विचारलंसुद्धा, "अक्का, काय लॉटरी लागली काय?"


२६ जून, गुरुवार

इतकं सोपं नाही.

नागरत्नाने जुन्या अंकांचा गठ्ठा काढून ठेवला होता. अमेरिकेत हजारो बायकांवर गोळ्यांची मोठी चाचणी केली. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या कित्येकजणी. हृदय वाचेल असं वाटलं होतं. वाचलं नाही. उलट काहींना रक्ताच्या गुठळ्या, काहींना झटका. चाचणी मध्येच थांबवली. आता काही डॉक्टर म्हणतात, वेळेला महत्त्व आहे, राखणदार गेल्या गेल्या लगेच दिलं तर गोष्ट वेगळी. नळ्या एकदा कडक झाल्यावर देऊन उपयोग नाही. अजून त्यांचं त्यांच्यातच ठरत नाही.

लहान वयात अंडाशयं काढली तर तेव्हाच सांभाळायला हवं होतं. बारा वर्षांपूर्वी.

घरी येताना बसमध्ये फार उदास वाटलं. मग आमच्या कुवेंपुनगरला उतरता उतरता डोक्यात लख्ख झालं — अगं, गोळी नाही तर नाही! बघून तर घेता येईल! ईसीजी आहे, पट्ट्यावर चालवून बघतात ती परीक्षा आहे, नळीत तार घालून बघतात ते आहे. ह्यांच्या वेळी वेळच मिळाला नव्हता. हिच्या वेळी आहे. आज आहे, ह्या क्षणी आहे!

जवळजवळ पळत आले घरी. ह्या वयात.


२७ जून, शुक्रवार

भाऊजींशी बोलले. ते पेपर वाचत होते.

"वैनी, तिला बीपी नाही, शुगर नाही. परवा एकादशी. पुढच्या शनिवारी अण्णाचं श्राद्ध. ते एकदा पार पडू द्या, मग नेऊ."

म्हटलं, "श्राद्धाचाच स्वयंपाक नको तिने करायला. दुपार टळेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही, दिवसभर चुलीपुढे."

"मग काय मठात नेऊन करायचं? अण्णाने आईबाबांचं कधी घराबाहेर केलं? तुम्हीच सांगा."

नाही केलं. ह्यांनी कधीच नाही केलं. ह्यांच्याच श्राद्धासाठी मला गप्प बसवलं. मी बसलेही. जिन्यावर चढताना स्वतःचाच राग आला.


२८ जून, शनिवार

आज सरळ वेदवतीलाच सांगितलं. मागच्या अंगणात ती तीळ पाखडत होती, श्राद्धाच्या लाडवांसाठी. उंदरिणींपासून सगळं सांगितलं. ऐकत होती. सूप थांबलं नाही.

मग म्हणाली, "अक्का, लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली. त्यातली पहिली निम्मी मी कोपऱ्यात बसलेली. मूल झालं नाही म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी. त्या ऑपरेशननंतर ह्या घरात माझ्याविना पान हलत नाही. आणि तुम्ही म्हणता त्यातच काही बिघडलं?"

मी म्हटलं, श्राद्धाचा स्वयंपाक तरी ह्या वेळी नको करूस.

"आणि मी नाही केलं तर कोण करणार? तुम्ही?"

"हो, मी."

ती हसली. वाईट नाही हसली. "तुमच्या हातचं चालत नाही, अक्का." सूपभर तीळ माझ्यापुढे सरकवले. "खडे तेवढे बघा. मला जवळचं दिसत नाही हल्ली."

खडे बघत बसले. एकही नव्हता.


२९ जून, रविवार

एकादशी. तिचा उपास. मी वरच्या मजल्यावर, कान खालच्या मजल्यावर.


३० जून, सोमवार

काठीचा आवाज आला नाही. पारणं नीट झालं. भाऊजी मला म्हणाले, "बघितलंत वैनी? काही नाही." मी हो म्हटलं. पण वेदवतीने लुगडं काढायला आज स्टुलावर चढून काठी धरली होती, हात वर करायला लागू नये म्हणून. ते त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं.


२ जुलै, बुधवार

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वेदवती वर कधी येत नाही, मी ओवळी, माझी खोली ओवळी. मधल्या वळणावर पावलं थांबली. बराच वेळ. मी दार उघडलं तर कठड्याला धरून उभी.

म्हणाली, "तुमच्या पुस्तकात जबड्याचं लिहिलंय काय?"

मी म्हटलं, "लिहिलंय."

"आणि हा इथून," तिने खांद्यापासून करंगळीपर्यंत बोट फिरवलं, "हा असा ठणका खाली उतरतो ते?"

"तेही लिहिलंय."

ती आत आली. माझ्या पलंगावर बसली! म्हणाली, "फेब्रुवारीपासून आहे. कुणाला सांगू? सांगितलं की म्हणतील झालं हिचं काम. मग पुन्हा कोपरा." मग इकडेतिकडे बघून, "कॉफी करता काय? आज तुमच्या हातची पिते. कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

खोलीतल्या स्टोव्हवर केली. दोघी प्यालो. उद्या जायचं ठरलं. भाऊजींना सांगायचं, श्राद्धाची केळीची पानं बघायला मार्केटला चाललोय. ही कल्पना तिची. खोटं बोलताना तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला.


३ जुलै, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

रिक्षात बसलो तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, कुठून नेऊ? मी म्हटलं, जवळच्या रस्त्याने. त्या सर्कलवरून गेलो. मी डोळे मिटले नाहीत. वेदवतीने माझा हात धरला होता. मी तिचा धरलेला की तिने माझा, नक्की नाही सांगता येणार.

डॉक्टरीण तरुण आहे, केस कापलेले. मला भीती होती हसेल. मी अंडाशयांचं ऑपरेशन आणि वय सांगितलं, तर तिने पेन खाली ठेवलं आणि वेदवतीकडे वळून विचारलं, "सदतीसला? दोन्ही? त्यानंतर कधी हृदय तपासलं कुणी?" वेदवती म्हणाली, "हृदय कशाला? ऑपरेशन पोटाचं होतं."

झोपवून काढलेला ईसीजी बरा आला. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच वाटलं, मग काय सगळं उगाच? डॉक्टरीण म्हणाली, आता चालवून बघू. पट्ट्यावर चढवलं. लुगड्याचा काचा मारून! चालली थोडं, चालली, आणि तिचा हात जबड्याकडे गेला. डॉक्टरणीने लगेच पट्टा थांबवला. कागदावरची रेघ खाली ओढल्यासारखी दिसत होती. मला वाचता येत नाही ती, पण डॉक्टरणीचा चेहरा वाचता आला.

"आजी, ह्यांना आता घरी नेऊ नका."

आजी म्हणाली मला! पण चांगली आहे. जाता जाता म्हणाली, बऱ्याच बायका ह्याच्या पुढच्या अवस्थेत येतात, किंवा येतच नाहीत.

भाऊजींना फोन केला. मार्केट नाही, हॉस्पिटल. धापा टाकत आले. आधी चिडले, मग माझ्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "वैनी, अण्णाच्या छातीत कळ आली तेव्हा मी चप्पल न घालता रिक्षाला पळालो. हिला मी ताक दिलं."


४ जुलै, शुक्रवार

वाचली! मुख्य नळी जवळजवळ बंद होती. मनगटातून तार घालून स्टेंट बसवला. डॉक्टरीण म्हणाली, श्राद्धाच्या चुलीपुढे उद्या काहीही होऊ शकलं असतं. काहीही म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

मला आज नाचावंसं वाटतंय, एवढं खरं. तीन वर्षं वाचतेय ते ह्यांच्यासाठी वाचतेय असं वाटायचं. ह्यांना त्याचा काय उपयोग? पण उपयोग झाला.

संध्याकाळी चिदंबर बेंगळुरूहून आला, उद्या बापाचं श्राद्ध करायला. हॉस्पिटलच्या आवारातच उभे राहून बोलणं. "आई, मठात फोन करतो. उद्याच्या श्राद्धांत एक नाव घाला म्हटलं तर घालतात ते."

मी म्हटलं, "नको करू."

"मग स्वयंपाक?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता म्हणतील, अण्णाने कधी असं — पण ते नुसते म्हणाले, "भटजींना मी सांगतो, स्वयंपाक कुणाचा ते. आले तर आले." आणि चष्मा पुसायला लागले.

जाताना वेदवतीला भेटायला आत सोडलं. तोंड कोरडं, आवाज बारीक. मी काही विचारलं नव्हतं. ती माझा पदर ओढून म्हणाली, "काठी न्हाणीघराच्या दाराआड आहे. टोकाला फडकं गुंडाळा, अक्का, नाहीतर निसटते."


५ जुलै, शनिवार

पहाटे डोक्यावरून आंघोळ केली. काठीच्या टोकाला फडकं गुंडाळलं. दोरीवरून लुगडं काढलं, भुईला लागू दिलं नाही. ह्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी केला.